‘कॅपिटल’ खंड पहिला: बाइंडिंगला शून्य, दहाव्या प्रकरणाला पैकीच्या पैकी

दिवाळीत कार्ल मार्क्सच्या ‘कॅपिटल’च्या तिन्ही खंडांचा सेट ऑनलाइन मागवला, पूर्ण किंमत मोजून. होळीच्या आत पहिल्या खंडाची पाठ उकलली. हजारावर पानं आणि नुसता गोंद, शिलाई नावालाही नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर परताव्याची मुदत संपली म्हणे. वर ‘वापरामुळे झालेली झीज’ असा शेरा. पुस्तकाचा वापर म्हणजे वाचन, दुसरं काय करणार त्याचं? बरीच हुज्जत घातल्यावर पुढच्या खरेदीवर पन्नास रुपयांचं कुपन देऊ केलं. नको म्हटलं.

तोवर मी पहिल्याच प्रकरणात रुतलो होतो. वस्तूचं मूल्य समजावायला वीस यार्ड लिनन बरोबर एक कोट, मग एक कोट बरोबर वीस यार्ड लिनन. पाठ मोडली तीही तिथेच. पण सुटून हातात आला तो दहाव्या प्रकरणाचा गठ्ठा, ‘कामाचा दिवस’. लोकलमध्ये उभ्याने अख्खा खंड उघडता येत नाही, सुटी पानं मात्र घडी करून बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मावतात. म्हणून तेच वाचायला घेतलं आणि कळलं, या माणसाला लिहिता येतं की!

ब्रिटिश सरकारच्याच फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे अहवाल पुढ्यात घेऊन तो गिरणीमालकांना उघडं पाडतो. सकाळी काही मिनिटं आधी यंत्रं सुरू, जेवणाच्या सुट्टीला थोडी कात्री, संध्याकाळी काही मिनिटं उशिरा बंद, आणि वर्षाकाठी त्याचे किती दिवस होतात याचा हिशेब. लंडनमध्ये बड्या घरच्या बायकांचे पोशाख शिवणारी मेरी अ‍ॅन वॉकली, वय २०, सलग साडेसव्वीस तास राबून जून १८६३ मध्ये मेली. पावात तुरटी मिसळणारे बेकरीवाले आहेत. मुलांना पाळ्यांत असं फिरवणारे मालक आहेत, की कुणी किती तास भरले ते इन्स्पेक्टरला कळूच नये. आमच्या गिरणगावात वाढलेल्याला यातलं काही परकं वाटायचं नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होतीच.

दहाव्यापासून सुरू करायची ही वाट खुद्द मार्क्सने सांगितलेली आहे, हे नंतर वाचनात आलं. हँबुर्गला १८६७ मध्ये पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला त्याने हॅनोव्हरच्या आपल्या डॉक्टर मित्राला, कुगेलमानना लिहिलं: तुमच्या पत्नीला सांगा, कामाचा दिवस, सहकार्य, श्रमविभागणी व यंत्रं आणि शेवटी आदिम संचय (म्हणजे भांडवलाची सुरुवातीची जमवाजमव), ही प्रकरणं सगळ्यांत सहज वाचता येतील. अवघड संज्ञा तुम्ही त्यांना समजावून द्या, हेही वर. (संज्ञा डॉक्टरांना तरी कळल्या होत्या का, देव जाणे.)

आता माझा खरा राग: प्रकरणांचे क्रमांक. जर्मनमध्ये प्रकरणं २५, इंग्रजीत ३३. मार्क्सने फ्रेंच आवृत्तीत प्रकरणं फोडली आणि त्याचा सहकारी एंगल्सने १८८७ च्या इंग्रजी भाषांतरात तीच फोड ठेवली. चौथ्याची तीन झाली, चोविसाव्याची सात. त्यामुळे ‘कामाचा दिवस’ जर्मनमध्ये आठवं आणि इंग्रजीत दहावं. टीकाकार लिहितो ‘आठवं पाहा’, तुम्ही उघडता, तर तिथे ‘स्थिर आणि चल भांडवल’ हे भलतंच प्रकरण! यंत्रांचं तेरावं की पंधरावं, यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. लांबलचक प्रस्तावना छापता, मग अर्ध्या पानाचं कोष्टक छापायला काय होतं? शेवटी मीच पेन्सिलीने समासात दोन्ही क्रमांक घातले.

पहिलं प्रकरण सरळ वगळा, असं मी उन्हाळ्यापर्यंत भेटेल त्याला सांगत होतो. फ्रेंच मार्क्सवादी तत्त्वज्ञ अल्थुसरनेही १९६९ मध्ये फ्रेंच वाचकांना पहिला भाग तूर्त बाजूला ठेवायला सांगितलं होतं. आता तसं सांगत नाही. दहाव्यात मालक वेळ चोरताना दिसतो, पण मार्क्सचा मुद्दा चोरीचा नाहीच. ठरलेली मजुरी चोख दिली तरी नफा उरतो, तो कसा? त्यासाठी सहावं-सातवं लागतं (क्रमांक इंग्रजी, अर्थात), आणि तिथून पहिल्याकडे वळावंच लागतं. त्याआधी मार्क्सचं १८६५ चं ‘मजुरी, किंमत आणि नफा’ हे भाषण वाचा. छोटं आहे, इंटरनेटवर फुकट आहे.

एक गंमत लक्षात आली. कुठून सुरू करू, असं विचारलं की समोरचा आपला पंथ सांगून टाकतो. युनियनवाला दहावं सांगतो, मूल्याच्या सिद्धांतावर भर देणाऱ्या जर्मन अभ्यासक हाइनरिखच्या वाटेचा वाचक पहिलं, पक्षवाला ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ आणि लगेच लेनिन. म्हणून ओळख करून देणाऱ्या पुस्तकांवर पैसे घालवू नका, भांडणं वाचा. जर्मन समाजवादी बर्नस्टाइन म्हणाला, भांडवलशाही कोसळायची वाट न पाहता सुधारणांनी पुढे जाऊ. क्रांतीच हवी म्हणणाऱ्या रोझा लक्झेंबर्गचं त्यावरचं उत्तर एका रविवारात वाचून होतं. त्यानंतर लेनिनचं ‘राज्य आणि क्रांती’ घेतलं, तर त्याचा जर्मन समाजवादी नेता काउट्स्कीवरचा संताप नीट कळतो. इटलीचा कम्युनिस्ट ग्राम्शी सावकाश, तुरुंगातल्या वह्या आहेत त्या, तुकड्यातुकड्यांत लिहिलेल्या. ट्रॉट्स्कीवाले आणि माओवाले यांच्यात मी अजून पडलेलो नाही.

आणि थेट पॅरिसच्या मार्क्सवाद्यांकडे धावण्याआधी घरचं भांडण वाचा. कम्युनिस्ट नेते डांग्यांच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकाची इतिहासकार कोसंबींनी १९४९ मध्ये केलेली चिरफाड वाचली, की मार्क्सवादी असणं हा पुराव्याला पर्याय नव्हे हे पक्कं कळतं. मग आंबेडकरांचा ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’. मग शरद पाटील, ज्यांनी जातीच्या प्रश्नावरून कम्युनिस्ट पक्षाशी फारकत घेऊन १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. पाटील वाचायला कॅपिटलइतकेच कठीण, पण ज्या प्रश्नावर युरोपातली मंडळी जवळपास गप्प आहेत, तो त्यांनी सोडला नाही.

सेट मात्र घेऊ नका. तिसरा खंड माझ्याकडे अजून प्लॅस्टिकमध्येच आहे. दुसरा तसा नीरस, पण रोझाने १९१३ मध्ये त्यातल्या पुनरुत्पादनाच्या (म्हणजे भांडवल स्वतःला पुन्हा पुन्हा कसं उभं करतं याच्या) कोष्टकांवर हरकत घेत जाडजूड ग्रंथ लिहिला, म्हणून उघडावा लागणार. खंड सुटे मिळतात, पहिला तेवढा घ्या आणि घेताना पाठीला शिलाई आहे का ते बघून घ्या.