पिलोचे व्हील आणि देवनागरी मजकूर: एक परीक्षण

पायथॉनमधून चित्रांवर काम करायचे असेल, तर पिलो ही लायब्ररी टाळता येणे कठीण आहे. जुन्या पायथॉन इमेजिंग लायब्ररीतून 2010 मध्ये फुटलेल्या या मुक्तस्रोत प्रकल्पाचा बराचसा भाग म्हणजे जेपेग, टिफ, वेबपी, फ्रीटाइप अशा सी भाषेतील लायब्रऱ्यांवर चढवलेले पायथॉनचे आवरण होय. येथे विचार केला आहे तो फक्त चित्रावर मराठी मजकूर उमटवण्याच्या सोयीचा, कारण प्रमाणपत्रे किंवा आलेख मराठीत तयार करणाऱ्याचे काम पहिल्यांदा तिथेच अडते.

पिलोकडे मजकूर मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. साधी पद्धत फॉन्टमधील आकृत्या एकामागून एक ठेवत जाते. त्यामुळे ‘शिक्षण’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या नंतर येते आणि ‘क्ष’ फुटून हलन्त ‘क्’ व ‘ष’ असे सुटे दिसतात. दुसरी पद्धत राक्म या लायब्ररीची. तीत अक्षरजोडणी हार्फबझ करते आणि मजकुराची दिशा फ्रिबिडी ठरवते. क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्येही हेच हार्फबझ असल्यामुळे या पद्धतीने उमटलेल्या मराठीत खोट काढायला जागा उरत नाही.

आवृत्ती 8.2 पासून अधिकृत व्हीलमध्ये, म्हणजे आधीच कंपाइल करून दिलेल्या तयार पॅकेजमध्ये, राक्म आणि हार्फबझ येतात, फ्रिबिडी मात्र येत नाही. तिचा परवाना एलजीपीएल हा काही अटी घालणारा मुक्तस्रोत परवाना आहे, तर पिलोचा त्याहून बराच मोकळा. मॉड्यूल लोड होताना ही शेअर्ड लायब्ररी यंत्रावर शोधली जाते आणि सापडली नाही, तर राक्म संपूर्णपणे बंद राहते. वस्तुतः फ्रिबिडीचे खरे काम अरबी, हिब्रूसारख्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांचे आहे. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या देवनागरीला तिची गरज नसतानाही तिच्या अनुपस्थितीचा फटका देवनागरीलाच बसतो. तेही एक वेळ चालले असते, पण पद्धत स्पष्टपणे मागितलेली नसेल, तर पिलो कोणतीही सूचना न देता साध्या पद्धतीवर उतरते आणि प्रोग्राम यशस्वी झाल्यासारखा संपतो. माझ्या मते या आवरणातील हा सर्वांत मोठा दोष आहे. राक्म नावाने मागितल्यास अलीकडच्या आवृत्त्या इशारा देतात, पण नाव घेऊन मागावे हे नवख्याला सुचणार कसे?

बाकीच्या लायब्रऱ्या व्हीलमध्येच भरलेल्या असल्यामुळे कंपायलरशिवाय पिलो बसवता येते, आणि हे सुख कमी लेखू नये. लिनक्सवर या प्रतींच्या नावांना वेगळी खूण जोडलेली असते, म्हणून यंत्रावरच्या प्रतींशी त्यांचा गोंधळ होत नाही. लायब्रऱ्या अशा आत भरण्याची किंमत सप्टेंबर 2023 मध्ये दिसली. वेबपी लायब्ररीत गंभीर सुरक्षा त्रुटी सापडली, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिममधील प्रत अद्ययावत करूनही व्हीलमधली जुनी प्रत तशीच राहत होती. त्यासाठी पिलोची 10.0.1 ही आवृत्ती वेगळी बसवावी लागली. ती त्याच महिन्यात आली, हे देखभाल करणाऱ्यांच्या तत्परतेचे श्रेय आहे.

डेबियनवर libfribidi0 हे पॅकेज बसवले की काम भागते; विंडोजवर मात्र फ्रिबिडीची डीएलएल (शेअर्ड लायब्ररीची) फाइल स्वतः मिळवून योग्य फोल्डरमध्ये ठेवावी लागते, आणि ही अपेक्षा सामान्य वापरकर्त्याकडून करणे मला रास्त वाटत नाही. त्यानंतर पिलोच्या फीचर्स (features) मॉड्यूलमधून राक्म उपलब्ध आहे का, हे एकदा तपासावे. शिवाय मजकूर काढताना भाषेचा पर्याय ‘mr’ (मराठीचा संकेत) असा द्यावा: फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे मिळतात, आणि राक्म नसेल तर चुकीचे चित्र तयार होण्याऐवजी प्रोग्राम एरर देऊन तिथेच थांबतो.