गाडी हवेत असताना बुशचे बोल्ट आवळू नका : जुन्या एसयूव्हीचा आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या रविवारी शाफ्टला, म्हणजे इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या लांब दांड्याला, ग्रीस मारायला गाडी पिटवर (खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर) चढवली. हातात टॉर्च होतीच, म्हणून मागच्या आर्मचे, म्हणजे मागची चाकं जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे, बुशही पाहून घेतले. बुश म्हणजे त्या दांड्यांच्या टोकांना बसवलेल्या, आत रबर असलेल्या लोखंडी नळ्या. दहाच्या दहा बुशांचं रबर शाबूत. कुठे चीर नाही, रबर नळीपासून सुटलेलं नाही, बोल्ट एका बाजूला बसलेला नाही. अख्खा पावसाळा, शेतरस्ता, वर ११,००० किलोमीटर, आणि हे. खरंच आनंद झाला आणि त्याच तारेत लिहायला बसलो. कारण याच मेकचा, त्याच दुकानातून आणलेला, त्याच किमतीचा सेट गेल्या वर्षी याच गाडीत टाकला होता, तो साडेतीन महिन्यांत फाटला.

गाडी २०११ची. सात सीटची डिझेल, शिडीची चेसिस, जोर मागच्या चाकांना. मागे अखंड हौजिंग (दोन्ही चाकांना जोडणारं, आत गियर असलेलं लोखंडी कवच), कॉइल स्प्रिंग आणि पाच आर्म, चार लांबीतले आणि एक आडवा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या घडणीची जी जी गाडी आहे तिला हे सगळं लागू आहे. काटा १,८७,००० किलोमीटरच्या पुढे गेलाय. अमळनेरहून आठवड्यातून दोनदा धुळं, मधून मधून जळगाव, आणि रोज शेत. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात चाकाला कशी धरते ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको.

दुखणं सुरू झालं गेल्या वर्षी ऑक्टोबरात. पारोळ्याच्या पुढे हायवेला ७०च्या वर गेलं की सीटखाली भुणभुण. पायाला मुंग्या आल्यासारखी बारीक, सलग थरथर. स्टिअरिंग मात्र शांत. रेस दिली की वाढायची, पाय काढला की जवळजवळ बंद. आणि पहिल्या गियरमधून रिव्हर्सला टाकलं की मागून एक 'धप्प'.

आधी रिमच्या आतला वाळलेला गारा खरवडून काढला. हे प्रत्येकाने आधी करावं, फुकट आहे, आणि एका बाजूला चिकटलेला पाव किलो चिखलसुद्धा गाडी थरथरवतो. फरक पडला नाही. मग बॅलन्सिंग. मग अलाइनमेंट, तेही दोनदा. मग मागचे दोन शॉकअप, ज्यातला एकच गळत होता. मग कोणीतरी म्हणालं टायर, म्हणून पुढचे दोन टायर. या सगळ्यात २३,००० गेले आणि भुणभुण जिथल्या तिथे.

हे पैसे का वाया गेले ते नंतर कळलं. गाडी ८०ला असते तेव्हा चाक सेकंदाला साधारण नऊ-दहा फेरे घेतं. चाकाचा दोष असेल तर थरथर जाड येते, मोजता येईल अशी, आणि पुढच्या चाकाची असेल तर हातात येते. शाफ्ट मात्र चाकाच्या जवळपास चौपट फिरतो, कारण हौजिंगमधल्या गियरचा रेशो चारच्या आसपास असतो. म्हणजे सेकंदाला चाळीसेक फेरे. ती थरथर बारीक असते आणि बुडाखाली येते. माझी बारीक होती, बुडाखाली होती. टायरला हात लावायचं काहीच कारण नव्हतं. अलाइनमेंटचं तर आणखी चीड आणणारं आहे. मागे अखंड हौजिंग असलेल्या गाडीत अलाइनमेंटवाला पुढची दोन चाकं जुळवतो, मागे जुळवायला काही नसतंच. तक्रार मागची, बिल पुढचं.

रस्त्यावरची तपासणीही सोपी आहे. त्याच वेगात एक गियर खाली टाका. इंजिनाचे फेरे वाढले तरी थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनाचा नाही. मग रिकामा सरळ रस्ता बघून न्यूट्रल करा आणि गाडी घरंगळू द्या. थरथर तशीच राहिली तर चाक, टायर किंवा शाफ्टचं बॅलन्स. फक्त रेस दिल्यावर येत असेल तर जोर जिथून जातो तो मार्ग बघा: क्रॉस (शाफ्टच्या टोकांचा, कोनात फिरू देणारा जॉइंट), शाफ्ट, हौजिंग, आणि हौजिंगला धरून ठेवणारे बुश. हे शेवटचं मला कोणीही सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात एका मोठ्या वर्कशॉपला गाडी दिली. त्यांनी आधी पूर्ण हौजिंग बदलायचं एस्टिमेट दिलं, ६२,०००. जुनी गाडी आणि गाववाला माणूस दिसला की काही ठिकाणी थेट असेंब्लीच सांगतात. मी नाही म्हटलं. मग क्रॉस आणि दहा बुशांचा सेट यावर तडजोड झाली, १४,३०० मजुरीसकट. गाडी घेतली तेव्हा मस्त होती. दोन महिने मस्त होती. संक्रांतीनंतर 'धप्प' परत आला, फेब्रुवारीत भुणभुण. परत गेलो तर काउंटरवरचा म्हणाला, लोकल बुश असेच जातात, ओरिजिनल टाकायला हवे होते. बिलावर काय टाकलंय ते त्यांनीच लिहिलं होतं, दुकानही त्यांनीच सुचवलं होतं.

मला ते तेव्हा पटलं, हे इथे प्रामाणिकपणे लिहितो. मार्चमध्ये हा अनुभव लिहिला असता तर लोकल बुश घेऊ नका एवढंच लिहिलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं.

आमच्या बाजार समितीच्या मागे एक जुनं गॅरेज आहे, ट्रॅक्टर आणि पिकअपचंच काम जास्त. मिस्त्रीला सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी गाडी चालवूनसुद्धा पाहिली नाही. पिटवर घेतली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, हॅन्डब्रेक ओढला, मला खाली पिटमध्ये उतरवलं आणि पोराला स्टिअरिंगवर बसवलं. पहिला गियर टाकून क्लच जरासा सोडायचा, गाडी हलू द्यायची नाही, परत दाबायचा. मग रिव्हर्समध्ये तेच.

मी टॉर्च हौजिंगच्या तोंडावर, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतो तिथे, धरून उभा. पोराने क्लच सोडला आणि हौजिंगचं तोंड डोळ्यांदेखत इंचभर वर उचललं. रिव्हर्सला तेवढंच खाली दबलं, आणि तोच 'धप्प', माझ्या डोक्यापासून हातभरावर. खालच्या आर्मच्या बुशमधलं रबर नळीपासून पूर्ण सुटलं होतं. बोल्ट भोकात मोकळा नाचत होता.

"आवाज आठेच शे भाऊ. हौजिंग चांगलं शे," आप्पा वरून म्हणाले. म्हणजे आवाज इथलाच आहे, हौजिंग चांगलं आहे.

तिथे मला कोडं उलगडलं. शाफ्टच्या पुढच्या टोकाला जो कोन असतो तोच मागच्या टोकाला असावा लागतो. क्रॉसचा जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. दोन्ही कोन सारखे असले की पुढच्या जॉइंटची कसर मागचा भरून काढतो. बुश गेले, रेस दिली की हौजिंग तोंड वर करतं, कोन बिघडतो, भुणभुण सुरू. पाय काढला की तोंड खाली येतं, भुणभुण बंद. वाकड्या कोनात नवा क्रॉससुद्धा मार खातो. माझ्या साडेतीन महिन्यांच्या क्रॉसच्या टोकावरच्या टोपीभोवती लालसर भुकटी आली होती. आतली सुई-बेअरिंग कोरडी पडून गंजायला लागली की ती दिसते. शाफ्ट काढण्याआधी आप्पांनी त्याच्या दातेरी जोडाच्या दोन्ही भागांवर खडूने रेघ मारली, जोडताना रेघेला रेघ जुळवली. ती एका दाताने जरी चुकली तरी नवीन थरथर पदरात पडते.

आता मुख्य गोष्ट. मी आप्पांना म्हटलं, या वेळी ओरिजिनल मागवू. ते म्हणाले गरज नाही, तोच सेट आण. नवे बुश प्रेसने बसवले, आर्म चढवले, बोल्ट घातले आणि पोरगा लांब पाना घेऊन आवळायला निघाला तसे आप्पा ओरडले, "पहिले गाडी खाले उतार, मंग बोल्ट आवय!"

बुशमध्ये बाहेरची नळी, आतली नळी आणि मध्ये दोघींना चिकटलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जाम होते, ती फिरत नाही. चाक वर-खाली होतं ते रबराच्या पिळावर. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, अशा वेळी आवळलं तर लटकलेली अवस्था हीच रबराची सरळ अवस्था ठरते. मग गाडी जमिनीवर टेकली की उभ्या जागीच दहाच्या दहा बुश पिळलेले. वर प्रत्येक खड्डा त्यांना आणखी पिळतो. रबर फाटणार नाही तर काय होणार? वर्कशॉपमध्ये काचेपलीकडून मी काम बघत होतो. गाडी लिफ्टवर असतानाच हवेच्या गनने टर्रर करून सगळे बोल्ट आवळलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. तेव्हा कामाचा झपाटा आवडला होता.

आप्पांनी बोल्ट हाताने घातले, गाडी चाकांवर उतरवली, मागे दोघं उभे राहून चार-पाच वेळा दाबून सोडली, आणि मग पिटमधून वाकून एकेक बोल्ट आवळला. दहा बोल्टांना अर्धा तास जास्त गेला. बुश, क्रॉस, मजुरी मिळून ७,८००.

त्यानंतरचे आठ महिने असे. भुणभुण शून्य. चाळीसगावहून कन्नड घाट भरलेल्या गाडीने दोनदा चढलो, तिसऱ्या गियरला पूर्ण रेस, खाली काही नाही. वळणावर मागचं बूड लचकायचं तेही थांबलं, तो आडव्या आर्मचा बुश होता. नव्या क्रॉसला ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) आहे. आधी मला ही कटकट वाटायची, आता तो सीलबंद क्रॉसपेक्षा आवडतो. दर ५,००० किलोमीटरला आणि पाण्यातून गाडी गेली की लगेच ग्रीस मारतो, चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

एक गोष्ट राहिली आहे. ६०च्या आसपास पाय काढला की हौजिंगचा बारीक सूर ऐकू येतो. क्राउन-पिनियन, म्हणजे हौजिंगमधले मुख्य गियर, गाडीइतकेच जुने आहेत. तेल बदललं, ९० नंबरचं, जुन्यात चुरा निघाला नाही. सूर वाढत नाही तोवर उघडणार नाही.

आवळून झाल्यावर आप्पांनी प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली होती, बोल्ट फिरला तर कळावं म्हणून. रविवारी फडक्याने माती पुसून बघितलं, दहाही रेघा सरळ आहेत.