ट्राउटची काठी आणि आमचा वहाळ : आठ महिन्यांनंतर

गेल्या गणपतीत मुंबईचे पाहुणे परत गेले आणि त्याच आठवड्यात मासे गरवायची ही अल्ट्रालाइट काठी घरी आली. सहा फूट लांब, दोन तुकड्यांची, ग्रॅफाइटची, एक ते पाच ग्रॅमचं आमिष फेकण्यासाठी बनवलेली. सोबत १००० साइझचं रीळ आणि चार पौंडांचा ताण सोसणारा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. खोक्यावर ट्राउटचं चित्र आहे. ट्राउट कोकणात नाही. त्याला साधारण २० अंशांच्या आतलं गार, वाहतं पाणी लागतं, म्हणून इंग्रजांच्या काळात बाहेरून आणलेला हा मासा काश्मीर, निलगिरी, मुन्नार अशा उंचावरच्या पाण्यात टिकला. डिसेंबरातल्या एका पहाटे मी आमच्या वहाळात थर्मामीटर बुडवून पाहिला, तर २१ अंश. ट्राउट नसूनही काठी घेतली, कारण ती जशा छोट्या, उथळ, वाहत्या पाण्यासाठी बनते तसंच पाणी आमच्या दारात आहे.

आम्ही देवरुखच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याला राहतो. बाव नदीला मिळणारा हा वहाळ अंगणाएवढा रुंद आणि गुडघाभर खोल आहे. मध्ये काळे गुळगुळीत दगड, दोन्ही काठांवर करंज आणि जांभूळ. लहानपणापासून इथे आम्ही चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठीने गरवत आलो. गरीला गांडूळ लावायचं, गळ टाकून बसायचं आणि ओढ लागली की मासा थेट काठावर उपटायचा. पण बारा फुटी काठी करंजाच्या फांद्यांत अडकते, आणि बोटभर मासा असा उपटला की त्याचा जोर हाताला कळतच नाही.

नवी काठी पाहून शेजारचे आबा म्हणाले, "अरे, ह्या काटकीवर काय गावणार तुला?" पहिले पंधरा दिवस खरंच काही गावलं नाही. चूक माझी होती. मी वरून खाली चालत होतो. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे वरून येणारा माणूस त्याला आधी दिसतो. खालून वर चालायला लागलो तेव्हा फरक पडला. दगडावरून पाणी पडतं, त्याच्या फेसापुढे जिथे काळोखं पाणी सुरू होतं, तिथे वरच्या अंगाला दोन ग्रॅमचा स्पिनर, म्हणजे फिरत्या पाकळीचं आमिष, टाकायचा आणि प्रवाहापेक्षा थोड्या जास्त वेगाने ओढायचा. पत्र्याची पाकळी फिरायला लागली की शेंड्यापासून तळहातापर्यंत बारीक थरथर येते. थरथर थांबली तर समजायचं, पाकळीत पान अडकलं किंवा हात मंदावला. ही थरथर हातापर्यंत पोचवणं हेच या काठीचं खरं काम, आणि ते ती फार सुंदर करते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी थरथर मधेच थांबली. पान असेल म्हणून शेंडा उचलला, तर काठी मुठीपर्यंत वाकली. रीळ कर्रकर्र करत तंगूस सोडू लागलं. तीनदा तो दगडाखाली शिरला, तीनदा मी काठी आडवी करून त्याला बाजूला काढला. वर आला तो वीतभर खडस, म्हणजे महसीरचं पोर. जाड ओठ, मोठमोठे खवले, कडांना पितळी झाक. हात भिजवून धरला, गरी काढली आणि प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात आधार दिला. दहा-बारा श्वास घेऊन तो निसटला. एवढ्याशा माशाने इतकी झुंज दिलेली मी चिव्यावर कधी अनुभवली नव्हती.

स्पिनरसोबत आलेली तीन काट्यांची गरी मी पहिल्या महिन्यातच काढली. एकेरी गरी लावली आणि पकडीने उलटा काटा दाबून टाकला. एखादा मासा निसटतो, पण सोडलेल्याचं तोंड फाटत नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण फाल्गुनापर्यंत वहाळाची धार तुटते आणि फक्त कोंडी, म्हणजे साचलेल्या पाण्याचे डोह, उरतात. त्यांत जे जगतं तेच पावसात वर चढून अंडी घालतं. मार्चमध्ये कुणीतरी रात्री वरच्या कोंडीत ब्लीचिंग पावडर टाकली. सकाळी वामीपासून झिंग्यापर्यंत सगळं पोट वर करून तरंगत होतं. खाणाऱ्याने उचलले असतील दोन किलो, बाकी सगळं सडलं. त्यानंतर कित्येक आठवडे त्या कोंडीत एक टोचही लागली नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही, आणि हातभर लांबीचे महसीर काठाशी येऊन चुरमुरे खातात. मला ते पाहून आमच्या कोंडीसाठी फार वाईट वाटतं.

आता दोष. तिसऱ्याच महिन्यात शेंड्याच्या कडीतली चिनी मातीची रिंग निखळली आणि तंगूस चिरायला लागला. सुटी कडी मिळत नाही, वरचा अख्खा तुकडा घ्या, असं काठीवाल्यांकडून उत्तर आलं. शेवटी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या एका जाळी-तंगूसच्या दुकानात पन्नास रुपयांत कडी मिळाली. लायटरने जुना गोंद नरम करून मीच बसवली, अजून पक्की आहे. सोबत आलेला तंगूस रिळावर राहून स्प्रिंगसारखा वळतो. तो फेब्रुवारीत बदलला, तेव्हापासून फेक दोन-तीन हात लांब जाते. मुठीचा कॉर्क चांगला आहे, ओल्या हातातून सटकत नाही.

खाडीवर मात्र ही काठी नेऊ नका. मी एकदा तांबोशी माशाच्या मोहाने नेली. माशाने एका हिसक्यात कांदळवनाच्या मुळांत तंगूस तोडला, आणि खारं पाणी रिळाच्या स्प्रिंगमध्ये गेलं ते वेगळंच. मरळ माशाच्या कोंडीलाही ही कमी पडते. तुमच्याकडे माझ्यासारखा छोटा वहाळ असेल आणि कालवणाला मासे हवेत म्हणून जात नसाल, तर जरूर घ्या.

मृग तोंडावर आलाय. पाणी वाढलं की चढणीचे मासे शेतापर्यंत येतील. त्या दिवसांत मी गरी टाकत नाही, पोटात अंडी असतात. काठी पुसून माळ्यावर ठेवली आहे. रीळ मात्र अजून पडवीत कागदावर उघडं पडलंय, ग्रीस भरायचं राहिलंय.