अकलूज, तिकोटा की चोर्ला: बेळगावहून एका दिवसाची वाईनवारी

‘रविवारी काय करालास? एखादी वायनरी बघून येऊया की,’ असा मित्राचा फोन दरवर्षी एकदा तरी येतो. वायनरी म्हटलं की आधी नाशिक आठवतं, पण बेळगावहून ते साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. एका दिवसाच्या हिशेबात ते बसत नाही. मग तीन दिशा उरतात: अकलूज, अथणीच्या पुढचं तिकोटा, नाहीतर चोर्ला घाट उतरून गोव्याचा सत्तरी तालुका. तिन्हीकडे आम्ही दोघं जाऊन आलोय. आमच्यात गाडी चालवणारा एकटा मी, त्यामुळे पुढचं सगळं स्टिअरिंगमागे बसणाऱ्याच्या बाजूने लिहिलंय, हे आधीच कबूल करतो.

निव्वळ वाईनसाठी जायचं असेल तर या तिघांत अकलूजला तोड नाही. फ्रातेली ही वायनरी तिथलीच. माळशिरस तालुक्यात मोटेवाडी-निमगावकडे तिचे मळे आहेत. अकलूजचं मोहिते-पाटील घराणं, दिल्लीचं सेखरी कुटुंब आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून 2007 मध्ये ती सुरू केली. ‘फ्रातेली’ म्हणजे इटालियनमध्ये भाऊच. आधी नोंदणी केली की मळा, स्टीलच्या टाक्या, लाकडी पिंपं असं रीतसर दाखवतात आणि मग ग्लास मांडतात. पांढऱ्या वाईनला रस सालीपासून लगेच वेगळा काढतात, तांबडीला सालीसकट आंबवतात, रंग सालीतून उतरतो, हे मला टाकीजवळ उभं राहिल्यावर नीट कळलं. ‘म्हणजे काळ्या द्राक्षाची पांढरी वाईनपण होते?’ मित्राने विचारलं. होते.

अडचण अंतराची आहे. जायलाच तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सहा तास धरा. पहाटे चारला निघालात तर दुपारी तीनला परत फिरावं लागतं. वाट पंढरपूरवरून जाते, त्यामुळे घरी सांगायला सोपं. मित्राची आई तर आम्ही विठोबाला चाललोय समजून प्रसादाला पैसे देत होती. पण टेस्टिंगच्या टेबलावर चालकाने काय करायचं? घोट तोंडात घोळवून थुंकायला भांडं ठेवतात, आणि ते वापरण्यात लाज कसली. मी सगळं थुंकलं, मित्राने काहीच नाही, आणि परतीला सांगोल्यालाच तो घोरायला लागला. अकलूज करायचंच असेल तर मुक्काम करा. एका दिवसात केलं तर रस्ताच जास्त बघून होतो.

अथणी-तिकोट्याची गोष्ट उलटी आहे. तिथे वाईन दिसेल याची खात्री नाही, द्राक्ष मात्र पोटभर दिसतं. कर्नाटक सरकारने 2007 मध्ये द्राक्षप्रक्रिया आणि वाईनचं धोरण आणलं, त्यात बेळगाव, बागलकोट, विजापूर हा कृष्णाकाठचा पट्टा वाईनसाठी धरला गेला. पण शेतकऱ्याची मुख्य बाग अजूनही थॉमसन सीडलेसची, खायच्या नाहीतर बेदाण्याच्या द्राक्षाची. वाईनची जात वेगळी: मणी लहान, साल जाड, आत बिया. बागही दुरून ओळखू येते. खायच्या द्राक्षाला डोक्यावर मांडव असतो, वाईनच्या वेली कमरेच्या उंचीला सरळ ओळीत तारेवर चढवलेल्या असतात.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा फोन न करता गेलो. एका वायनरीच्या फाटकावरचा वॉचमन म्हणाला, ‘टेस्टिंग इल्ला री,’ म्हणजे टेस्टिंग नाही. माझ्या मोडक्या कन्नडवर तो हसला, पण फाटक उघडलं नाही. चार तास गाडी हाकून बंद फाटक बघणं काय असतं, ते मित्राच्या तोंडावर दिसत होतं. तेव्हा आधी फोन करा आणि पाहुण्यांना आत घेतात का, हे स्पष्ट विचारा. तिकडच्या बऱ्याच वायनऱ्या माल काढायला उभ्या केल्यात, माणसं फिरवायला नाहीत.

पण त्याच दिवशी तिकोट्याच्या अलीकडे बेदाण्याचं शेड दिसलं आणि दिवस सुधारला. हिरव्या जाळीचं लांबच लांब शेड, आत एकावर एक जाळीचे कप्पे. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुचकळून काढलेले घड त्यांवर पसरले होते. वरच्या कप्प्यात कालचे हिरवे टपोरे मणी, खाली आठवड्याचे, सुरकुतायला लागलेले. गंधकाच्या धुरीचा वास शर्टाला असा चिकटला की घरी आल्यावर बायकोने विचारलं, फटाके उडवलेत काय? शेडवरच्या आजींनी मूठभर बेदाणा मित्राच्या रुमालात ओतला, पैसे घेतले नाहीत. जेवण रस्त्याकडेच्या खानावळीत: कडक जोंधळ्याची भाकरी, एण्णगाई म्हणजे भरलं वांगं, शेंगाचटणी, वर दही. परत येताना अथणीत चपला. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन 2019 मध्ये बेळगाव जिल्ह्यालाही मिळालंय, हे कोल्हापूरच्या पाहुण्यांना मुद्दाम सांगावं. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या मात्र फार. अंधार पडायच्या आत कृष्णा ओलांडलेली बरी, मागे दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर येते.

चोर्ल्याकडे द्राक्ष नाही, काजू आहे, पण दारू कशी होते ते तिथे सगळ्यात जवळून दिसतं आणि दीड-दोन तासांत पोचताही येतं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघून घाट उतरायचा. सत्तरीत मार्च ते मे काजूच्या दारूच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. झाडावरून पडलेली बोंडंच वेचतात, चुरतात, त्यांचा रस म्हणजे नीरो आंबवतात. पहिल्या धारेची उर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. फेणीला मानांकन 2009 मध्येच मिळालं. उर्राक लिंबाच्या सोड्यात, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून. मित्र तर म्हणाला, वाईनबिईन राहू दे. मी लिंबूपाणी पीत बसलो, कारण तोच घाट परत चढायचा होता. रक्तात शंभर मिलीलिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच खेपेला दहा हजार रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि गोव्याची बाटली परवान्याशिवाय डिकीत टाकू नका. नाक्यावर गाडी उघडायला लावतात.

म्हणून मी महिना बघून ठरवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकोटा, कारण तोड आणि बेदाणा तेव्हाच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत नुसते खुंट दिसतात. एप्रिल-मेमध्ये चोर्ला. पावसाळ्यात तिन्ही नकोत. अकलूज जोडून सुट्टी मिळेल तेव्हा. तिघं असाल आणि तिसरा न पिणारा असेल, तर हे सगळं गणित बदलतं. असा मित्र असेल तर त्याला जपा.

यंदाही तिकोटाच ठरलंय. वाईनची बाटली बेळगावातच दुकानातून घेऊन माझ्या फ्रिजमध्ये ठेवलीय. संध्याकाळी गाडी लावून किल्ली खुंटीला टांगली की उघडायची, रुमालातल्या बेदाण्यासोबत. या खेपेला मी थुंकणार नाही.