रक्तकेंद्रातील प्लेटलेट दान : काम चोख, फोनवरील चौकशी अपुरी

पुण्यातील ज्या रक्तकेंद्रात मी गेल्या महिन्यात प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातील सूक्ष्म पेशी, दिल्या, तेथील कामाविषयी मला मनापासून चांगले लिहायचे आहे. मात्र पहिल्या खेपेस मला तेथून तसेच परत यावे लागले, हेही नोंदवणे भाग आहे.

फोनवर वय, वजन आणि मागील रक्तदानाची तारीख एवढेच विचारले गेले. प्रत्यक्ष गेल्यावर डॉक्टरांनी औषधांची चौकशी केली, तेव्हा आदल्या रात्री डोकेदुखीसाठी घेतलेल्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळीचा मी उल्लेख केला आणि तपासणी तेथेच थांबली. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसते. त्यामुळे अ‍ॅस्पिरिनने तिच्यातील जे विकर निकामी होते, ते तिला पुन्हा तयार करता येत नाही आणि 7 ते 10 दिवसांच्या आयुष्यातले उरलेले दिवस ती अधूच राहते. माझ्या शरीरात रोज नव्या प्लेटलेट्स तयार होत असल्याने मला त्याची फारशी झळ लागत नाही, पण रुग्णाला माझ्याकडून मिळणारी पिशवी मात्र बहुतांशी अशा अधू पेशींचीच असते. तीन दिवसांनंतर या, असे मला सांगण्यात आले. हा एक प्रश्न सकाळी फोनवरच विचारला असता, तर रुग्णाच्या नातेवाइकांना दुसरा दाता शोधायला अर्धा दिवस जास्त मिळाला असता.

दुसऱ्या खेपेचा अनुभव फार चांगला होता. माझ्या प्लेटलेट्स 2 लाख 60 हजार भरल्या. दात्याकडे किमान दीड लाख असाव्या लागतात. सीलबंद संच माझ्यासमोर उघडला गेला. एकाच सुईतून रक्त यंत्रात जाते, तेथे ते वेगाने फिरवून प्लेटलेट्स वेगळ्या काढल्या जातात आणि तांबड्या पेशी त्याच सुईने परत येतात. साधारण सत्तर मिनिटे लागली. मध्येच ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा मी काही बोलण्याआधीच परिचारिकाताईंनी विचारले, यंत्राचा वेग कमी केला आणि कॅल्शियमची गोळी दिली. रक्त गोठू नये म्हणून मिसळलेले सायट्रेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, त्याचा हा परिणाम असतो.

भरलेली पिशवी ताकावरच्या निवळीसारखी फिकट पिवळी दिसत होती. तंत्रज्ञांनी ती उजेडासमोर धरून हलकेच कलती केली, तेव्हा आत रेशमासारखी चमक हलली. प्लेटलेट्स तबकडीच्या आकारात, म्हणजे सुस्थितीत, असल्याची ती खूण असते. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी ज्यांना ‘पांढऱ्या पेशी’ म्हटले जाते त्या बहुधा याच, पण खऱ्या पांढऱ्या पेशी निराळ्या; प्लेटलेट्स हे अस्थिमज्जेतील प्रचंड पेशींचे सुटलेले तुकडे असतात, जेमतेम 2 ते 3 मायक्रोमीटर आकाराचे.

सुई काढल्यावर कापूस दाबून बसलो असताना प्लेटलेट्सचे काम माझ्याच दंडाच्या शिरेत चालू होते. रक्तवाहिनीला छेद गेला की तिच्या भिंतीतील कोलॅजन हे तंतुमय प्रथिन उघडे पडते, रक्तातील ‘फॉन विलेब्रँड घटक’ या प्रथिनाच्या आधाराने प्लेटलेट्स तेथे चिकटतात, गोल तबकडीला फाटे फुटतात आणि त्यांच्यातून सुटणारी रसायने आणखी प्लेटलेट्सना बोलावून घेतात. मग फायब्रिनोजेन हे रक्तातील प्रथिन त्यांना एकमेकींशी जोडते आणि छिद्रावर बूच बसते. पुढे त्याच बुचाच्या पृष्ठभागावर रक्त गोठवणारे घटक कामाला लागून फायब्रिनचे जाळे विणले जाते, म्हणून ते बूच वाहत्या रक्तातही टिकते. पाच मिनिटांनी कापूस उचलला तेव्हा सुईच्या जागी केवळ एक तांबडा ठिपका होता.

प्लेटलेट्स फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. 20 ते 24 अंश तापमानात, सतत हलणाऱ्या फळीवर, त्या फक्त 5 दिवस टिकतात आणि त्यामुळे मोठा साठा करता येत नाही. दात्याला ऐन वेळी फोन करावा लागतो तो याच कारणाने, आणि म्हणूनच त्या फोनवरची चौकशी पूर्ण असली पाहिजे. निघताना मी हे स्वागतकक्षात सांगितले. तेथील ताईंनी वाद न घालता फोनची नोंदवही उघडली आणि वजनाच्या शेजारी ‘गोळ्या-औषधे’ असा नवा रकाना पट्टीने आखला.