वर्गनोंदींसाठी शिवणीची नोंदवही: वापरानंतरचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील आमच्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीची मुले दोन खोल्यांत बसतात आणि त्यांतील काही जवळच्या कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येतात. अशा शाळेतील शिक्षकाजवळ कागदांची वानवा कधीच नसते. हजेरी, टाचणवही, पोषण आहाराची नोंद, मूल्यमापनाचे तक्ते हे सगळे असते. मात्र आज वर्गात एखाद्या मुलाला नेमके काय उमगले आणि ते कसे उमगले, हे लिहायला त्यांत कुठेही जागा नसते. त्यासाठी मी तालुक्याच्या गावातील एका बाइंडरकडून जाड नोंदवही बांधून घेतो, आणि हा अभिप्राय तिच्याविषयी आहे.

वही फुलस्केप आकाराची, दोनशे पानांची, आखीव कागदाची आहे. पाने चिकटवलेली नसून दोऱ्याने शिवलेली आहेत. पाठीला आणि कोपऱ्यांना कापड आहे. दुकानात मिळणाऱ्या तयार रजिस्टरपेक्षा ती महाग पडते, पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकला की चिकटवलेल्या वह्यांचा डिंक कोरडा पडून पानांचे गठ्ठे सुटू लागतात, आणि वर्षभराची नोंद त्यांच्या भरवशावर ठेवता येत नाही. शिवणीची वही पूर्ण उघडून मेजावर सपाट राहते, त्यामुळे एका हातात खडू असतानाही दुसऱ्या हाताने दोन ओळी लिहिता येतात. बहुवर्ग अध्यापन करणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे.

छापील शिक्षक दैनंदिनीही मी वापरून पाहिली आहे. तिच्यात तारीख, तासिका, घटक, अध्ययन अनुभव असे चौकोन असतात आणि ते भरले की काम झाल्यासारखे वाटते. ते चौकोन शिक्षकाने काय शिकवले ते विचारतात, मुलाने काय केले ते विचारत नाहीत. बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिकाही मिळतात, ज्यांतून वाक्ये निवडून उतरवता येतात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातील आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर करायच्या मूल्यमापनाच्या, साधनांत दैनंदिन निरीक्षण पहिले आहे, आणि पहिली-दुसरीला तर आकारिक मूल्यमापनाचा भार ७० टक्के आहे. मूळ कल्पना इतकी चांगली असताना निरीक्षणाची वाक्ये विकत मिळावीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोऱ्या पानाचा खरा उपयोग एका उदाहरणाने सांगतो. चौथीतील एक मुलगी १७ गुणिले ८ हे उदाहरण उभ्या मांडणीत सोडवताना हातच्यापाशी अडत असे. तयार पुस्तिकेतले तिला शोभणारे वाक्य "गुणाकार करताना हातच्याचा विचार करत नाही" असे काहीसे झाले असते. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली, ती आईबरोबर वावरात जाऊन आली, आणि मजुरीचा हिशेब सांगताना सहज म्हणाली, "दहा किलोचे ऐंशी, सात किलोचे छप्पन, एकशे छत्तीस झाले." मी तिचे शब्द तसेच वहीत उतरवून घेतले. त्या संध्याकाळी नोंद पुन्हा वाचताना दिसले की तिला दशक-एकक फोडून गुणता येते आणि तिची अडचण केवळ मांडणीची आहे. पुढच्या आठवड्यात फळ्यावर आधी तिची रीत मांडली आणि तिच्याशेजारी उभी मांडणी लिहिली, तेव्हा छप्पनमधील पाच दशके वर का जातात हे तिनेच इतरांना समजावले.

या वहीने माझ्यात घडवलेला बदल असा आहे. नोंद लिहायची आहे हे मनात असले की मूल बोलताना मध्ये तोंड घालण्याची घाई होत नाही. उत्तर चुकीचे असले तरी ते कुठून आले असेल याचे कुतूहल वाटू लागते. पोडावरची एक मुलगी वर्गात गप्प असते, पण धाकट्या भावाला कोलामीत गोष्ट समजावून सांगते, ही नोंद झाल्यावर तिच्याकडे पाहण्याची आणि तिला प्रश्न विचारण्याची माझी पद्धत बदलली. मी प्रत्येक मुलाला पाच-पाच पाने वाटून देतो. ज्याचे पान दिवाळीपर्यंत कोरे राहते, त्याच्याकडे लक्ष द्यायला हवे हे वही उघडताच कळते. तारखेनुसार लिहिलेल्या दैनंदिनीतून हे कधीच दिसले नसते.

मोबाइलवर नोंद करणे सोपे आहे असे तरुण सहकारी म्हणतात, आणि आवाज टिपून ठेवण्यासाठी मोबाइल खरोखर उपयोगी आहे. पण हजेरीपासून पोषण आहाराच्या माहितीपर्यंत इतके काही आधीच मोबाइलवर भरावे लागते की वर्गात तो आणखी हाती घेतला तर मुलांना गुरुजी दुसऱ्याच कामात आहेत असे वाटते. वहीत लिहिताना मात्र मुले जवळ येऊन बसतात आणि आपल्याविषयी काय लिहिले ते विचारतात.

उणिवाही आहेत. रेघा फार जवळजवळ आहेत आणि समास अगदी अरुंद आहे, त्यामुळे नंतर सुचलेली गोष्ट मूळ नोंदीशेजारी लिहिता येत नाही. पावसाळ्यात कागद दमट होऊन शाईच्या पेनाने लिहिलेले फुटते, म्हणून बॉलपेनच वापरावे. वजनामुळे ती रोज घरी नेणे कठीण आहे. मात्र तिच्यात मुलांच्या घरच्या गोष्टीही येत असल्याने ती उघड्यावर न ठेवता कुलपाच्या कपाटातच ठेवावी लागते.

कुणाला बांधून घ्यायची असल्यास बाइंडरला उजवीकडे चार बोटे रुंद समास सोडायला आणि पानांवर क्रमांक टाकायला सांगावे. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्या सुमारास बाइंडरकडे कामाची गर्दी होते, म्हणून मे महिन्यातच कागद निवडून आगाऊ रक्कम देऊन ठेवावी.