शेतकऱ्याची लेक जादूगार झाली तर? पार्श्वभूमीचे नियम शेजारी शेजारी ठेवून

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळाचं, म्हणजे फासे टाकत पात्रांची गोष्ट रंगवण्याच्या खेळाचं, नवीन कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग गोष्ट) ठरतंय, पण कुठली सिस्टीम, म्हणजे कुठला नियमसंच, घ्यायची यावर ग्रुपचं एकमत होत नाही. अशा वेळी बहुतेक जण लढाईचे नियम चाळतात. मी आधी पार्श्वभूमीचं पान उघडतो. पात्राचा भूतकाळ कोण ठरवतं आणि खेळ सुरू झाल्यावर तो पुन्हा कधी कामाला येतो, हे तिथेच कळतं. तुलनेसाठी एकच पात्र घेऊ: शेतकऱ्याची मुलगी, जी पुढे जादूगार झाली.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकात १३ पार्श्वभूमी आहेत. आपल्या मुलीला ‘फोक हीरो’ शोभेल. दोन स्किल, थोडं सामान आणि एक खास सवलत मिळते: साधी माणसं तिला घरात लपवतात, मात्र स्वतःचा जीव धोक्यात घालत नाहीत. या सवलतीत आकडा एकही नाही, तरी मला ती फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे डीएमला (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला) गावातली माणसं उभी करावीच लागतात. शिवाय स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष यांचे तक्ते आहेत. काहीच सुचत नसेल तर फासा टाका, दहा मिनिटांत माणूस तयार. अडचण एवढीच की डीएमच्या लक्षात राहिलं नाही, तर ही सवलत पात्राच्या शीटवर नुसती पडून राहते.

२०२४ च्या आवृत्तीत पार्श्वभूमी १६ झाल्या आणि त्यांचं वजनही वाढलं. क्षमतांमधली (ताकद, बुद्धी वगैरेंच्या आकड्यांमधली) वाढ आता वंशातून येत नाही, पार्श्वभूमीतून येते. प्रत्येक पार्श्वभूमी तीन क्षमता देते: एकीला +२ आणि दुसरीला +१, किंवा तिन्हींना +१. जोडीला एक ओरिजिन फीट, म्हणजे सुरुवातीलाच मिळणारी खास करामत. ‘फार्मर’ घेतलं तर ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांतूनच निवडायचं. जादूगाराला लागते ती बुद्धी त्यात नाही. पॉइंट बायमध्ये (ठरलेले गुण खर्चून क्षमता घेण्याच्या पद्धतीत) बुद्धी १५ वर थांबते, म्हणजे मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +२. ‘सेज’ (विद्वान) घेतलं असतं तर १७ आणि +३. पहिल्याच पातळीवर तिच्या मंत्रांचा सेव्ह डीसी (मंत्रातून वाचायला समोरच्याने फाशावर गाठायचा आकडा) १३ ऐवजी १२ राहतो. फरक एकाचाच, पण तो कित्येक सेशन सोबत राहतो आणि खेळाडूला हळूच ‘सेज’कडे ढकलतो. मग सगळे जादूगार ग्रंथालयातूनच आल्यासारखे दिसू लागतात. माझी या आवृत्तीवरची मुख्य तक्रार हीच. ज्यांना बिल्ड, म्हणजे आकड्यांचा हिशोब करून पात्र, रचण्यात खरा आनंद मिळतो त्यांना मात्र ती आवडेल, कारण इथे भूतकाळाचा फायदा पहिल्या लढाईपासून हातात असतो.

पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने हा पेच २०१९ मध्येच टाळला होता. तिथली पार्श्वभूमी दोन बूस्ट (क्षमतावाढी) देते: एक ठरलेल्या दोन क्षमतांपैकी, दुसरा मोकळा. ‘फार्महँड’ घेऊनही मोकळा बूस्ट बुद्धीला देता येतो. वर शेतीविषयीचं ‘लोअर’ (Lore) स्किल, म्हणजे त्या विषयाची जाण, मिळतं.

थर्टीन्थ एज या खेळात स्किलची यादीच नाही. पार्श्वभूमीसाठी साधारण ८ गुण मिळतात, एकीवर जास्तीत जास्त ५. नावं तुम्हीच लिहायची: ‘विद्यापीठाच्या मुदपाकखान्यात भांडी घासताना मंत्र पाठ केले’ ५, ‘दुष्काळात शेळ्या जगवल्या’ ३. तपासणी (एखादं काम जमतं का ते ठरवणारी फेक) आली की वीस बाजूंच्या फाशात क्षमतेचा मॉडिफायर, पातळी आणि लागू होणाऱ्या पार्श्वभूमीचे गुण मिळवायचे. रात्री विद्यापीठात गुपचूप शिरायचंय? मुदपाकखान्याचं मागचं दार तिला ठाऊक असणारच. हे पटवून सांगताना ते दार, तो आचारी, ती चावी, सगळं टेबलावरच जन्माला येतं. भूतकाळ दर सेशनला वाढत जातो, असं मी इतर कुठे इतकं सहज घडताना पाहिलेलं नाही. पण ग्रुपमध्ये एकमेकांवर विश्वास हवा. कुणी ‘राजाचा सर्वगुणसंपन्न हेर’ असं लिहिलं की प्रत्येक फेकीवर वाद सुरू. पार्श्वभूमीत एक जागा आणि एक काम दिसलंच पाहिजे, एवढी अट आधीच घाला.

ट्रॅव्हलर हा विज्ञानकथेचा खेळ, त्यामुळे जादूगार नाही, पण शेतीप्रधान ग्रहावरची मुलगी चालेल. १८ व्या वर्षापासून चार-चार वर्षांचे टप्पे फाशांनी खेळायचे. १९७७ च्या मूळ नियमांत टिकून राहण्याची फेक चुकली तर पात्र तयार होतानाच मरायचं. मंगूस या प्रकाशकाच्या आवृत्तीत त्याऐवजी अपघात होतो आणि ती नोकरी सुटते. तुम्हाला संशोधक व्हायचं असतं, प्रवेश हुकतो, ड्राफ्टमध्ये (सक्तीच्या भरतीत) लष्करात जाता आणि चाळिशीला पोहोचता तेव्हा गाठीला एक वैरी आणि दोन मित्र असतात. दोन खेळाडूंनी आपापले प्रसंग जोडले तर दोघांनाही एकेक स्किल जास्त मिळतं, त्यामुळे ग्रुप पहिल्या दिवसापासून ओळखीचा असतो. मनात पात्र पक्कं असेल तर हे नको, फासे ते मोडतील. मन कोरं असेल तर याच्यासारखं दुसरं नाही.

पहिल्यांदाच खेळणाऱ्यांना मी २०१४ ची आवृत्ती देईन, जुन्या ओळखीच्या ग्रुपला लांब कॅम्पेनसाठी थर्टीन्थ एज. तुमचं टेबल आधीच २०२४ वर असेल तर सिस्टीम बदलायची गरज नाही. त्या आवृत्तीच्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये नवी पार्श्वभूमी बनवायची रीत दिली आहे. पात्र भरायला बसण्याआधी डीएमला विचारा, ‘फार्मर’मध्ये ताकदीच्या जागी बुद्धी चालेल का.